तीन नंबर, चार नंबर आणि मधलं धुराडं

लग्न होऊन कर्जतला आले तेव्हा मला आमचं घर ओळखता यायचं नाही. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच यायचं नाही. माझं माहेर पोशीरचं. तिथं प्रत्येक घराचा तोंडवळा वेगळा. भावाचं लग्न ठरलं की पडवीला कूड घालून एक खोली वाढायची, म्हैस आली की मागे गोठा वाढायचा. कर्जतचं आमचं घर मात्र एकदाच आणि एकदम सहा घरं मिळून बांधलेलं होतं. रस्त्याला लागून सरळ रेषेत लांबच लांब दुमजली दगडी इमारत. तिला सहा दारं, प्रत्येक दाराला तीन पायऱ्या, दारावर अर्ध्या भाकरीच्या आकाराची काच, दाराशेजारी एक उंच खिडकी, आणि वरच्या मजल्यावर तशाच पण बुटक्या दोन खिडक्या. सहाच्या सहा घरं अगदी सारखी. घाटातल्या रेल्वेचं काम चाललं होतं तेव्हा कुणा साहेबानं आपल्या माणसांसाठी ती बांधली, त्याच्या मुलखात अशाच घरांच्या ओळी असतात, असं जुनी माणसं सांगत. माझी सासरची माणसं त्या ओळीत तीन नंबरला भाड्यानं राहत होती. नवरा रेल्वेच्या शेडमध्ये फिटर. घरात तो, सासूबाई आणि आता मी.

साहेबानं बांधताना आपला मुलूख डोळ्यापुढे ठेवला होता, आमचा नव्हे. खिडक्यांची तावदानं बाहेर उघडत नसत, वर सरकत. चौकटीच्या आत दोरीला लोखंडी वजनं बांधलेली होती. पावसाळ्यात लाकूड फुगलं की खिडकी जिथं असेल तिथं चार महिने अडकून बसायची. त्यामुळे आषाढ लागायच्या आत सासूबाई प्रत्येक खिडकी किती उघडी ठेवायची ते ठरवून टाकत. पण सगळ्यात नवलाची गोष्ट होती ती भिंतीतली शेकोटी. कर्जतच्या उन्हाळ्यात माणूस उंबऱ्याबाहेर सावली शोधतो, आणि साहेबानं प्रत्येक घराच्या बैठकीत शेकायला दगडी कमान ठेवलेली, तिच्यावर थेट छपराबाहेर जाणारं धुराडं. सगळी ओळ तिला साहेबाची चूल म्हणायची. कुणी तिथं तांदळाचा पिंप ठेवला होता, कुणी सायकल. आमच्याकडे त्या कमानीत देव्हारा होता.

लग्नाला तिसरा की चौथा दिवस असेल. रस्त्याच्या टोकाच्या नळावरून मी दोन हंडे डोक्यावर घेऊन निघाले. नवी सून, पदर कपाळापर्यंत ओढलेला, त्यामुळे दिसत होत्या त्या फक्त पायऱ्या. तीन पायऱ्या चढले, आत शिरले, सरळ मागच्या स्वयंपाकघरात गेले आणि हंडे उतरवायला वळले तर मोरी जागेवर नाही. मोरी डाव्या हाताला असायची, ती उजवीकडे गेली होती. जिनाही दुसऱ्याच बाजूला. सगळं घर आरशात बघितल्यासारखं उलटं झालेलं. पुढं कळलं की त्या ओळीत दोन-दोन घरांची जोडी होती. मधली भिंत एक, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना घरं एकमेकांकडे तोंड करून बसवल्यासारखी. पण त्या घडीला मला एवढंच कळलं, की चुलीपुढे एक अनोळखी बाई भाकरी थापत बसली आहे.

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "तीन नंबरची नवी सून का गं तू?"

मी मान हलवली.

"मग एक दार पुढं आलीस. ठेव ते हंडं खाली. आलीच हाईस तर बस, भाकरी खाऊन जा."

मी बसले. नको म्हणायचं असतं हे मला सुचलंच नाही. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. आमच्याकडे तांदळाची भाकरी. ज्वारीची मी फार तर दोनदा खाल्लेली. बाई घाटावरची, नवरा रेल्वेत होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि त्यानंतर ती शिवणाच्या मशीनवर पोट भरत होती. मी तिला मावशी म्हटलं. तिनं मला हंडे डोक्यावर चढवून दिले आणि दारापर्यंत आली, पण पायरीवर उतरली नाही.

घरी आले तर सासूबाई देव्हाऱ्यापुढे बसल्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. मधल्या भिंतीतून आवाज यायचा हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या रागावतील म्हणून मी उभीच राहिले. त्यांनी फक्त विचारलं, "काय खाल्लंस?"

मी सांगितलं.

"चटणीत लसूण होता?"

"होता."

"तिला लसणाशिवाय काय येत नाय," सासूबाई म्हणाल्या आणि वाती वळू लागल्या.

दोघी सात वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत हे मला नवऱ्यानं सांगितलं. त्याआधी त्यांचं चांगलं होतं. मग एका पौषात मावशीनं साहेबाच्या चुलीत अंघोळीचं पाणी तापवायला सुरुवात केली. दोन्ही घरांच्या शेकोट्या मधल्या भिंतीत पाठीला पाठ लावून होत्या, धुराडं बाहेरून एक दिसलं तरी आत मधे विटांची पडदी होती, आणि ती पडदी कधीच ढासळली होती. त्यामुळे मावशीकडे जाळ केला की काजळी आमच्या घरात उतरायची. एके दिवशी सासूबाईंनी घरात वाळत घातलेल्या पापडांवर ती उतरली. सासूबाई बोलल्या, मावशीनंही ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माणूस बोलावून धुराड्याच्या घशात विटा आणि माती ठासून घेतली, आणि खाली देव बसवले, म्हणजे पुन्हा कुणी हात लावायला नको. मग मावशीचा धूर तिच्याच घरात कोंडू लागला. तिनंही आपल्या बाजूनं पत्रा ठोकून वर माती भरली. तेव्हापासून भिंतीच्या अल्याड एक, पल्याड एक.

सासूबाईंनी मला मावशीकडे जा म्हटलं नाही, तसं जाऊ नकोही म्हटलं नाही. मला शिवण शिकायचं होतं. दुपारची भांडी झाली की मी चार नंबरला जायची. काजं, हातशिलाई, मग मशीनवर सरळ टीप. परत आले की सासूबाई इकडचं तिकडचं बोलता बोलता तिकडचं काढून घेत. खोकला कमी झाला का तिचा? मुलाचं पत्र आलं का? आणि तिकडे मावशी विचारायची, सासूचे गुडघे कसे आहेत. मी दोन्हीकडे उत्तरं देत राहिले. अशी दोन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी पाऊस फार झाला. श्रावणात मधल्या भिंतीवर आमच्या बाजूनं ओल चढली. भाद्रपदात गिलावा पोळीसारखा फुगला आणि एका सकाळी देव्हाऱ्यावरचा हातभर तुकडा खाली आला. मावशीकडेही तेच. घरमालक खालापूरकडे राहायचा, माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. त्यानं ओव्हरसियर पाठवला. ओव्हरसियरनं भिंत बघितली, वहीत काहीतरी काढलं आणि सांगून गेला की मधली भिंत सुटली आहे, ती बसली की दोन्ही बाजूंची घरं तिच्यामागून बसतील, तेव्हा दिवाळी झाली की सहाही घरं रिकामी करा, इमारत उतरवावी लागेल.

ओळीतली माणसं रस्त्यावर जमली. कुणी गावाला जायचं म्हणालं, कुणी जागा बघायला लागलं. पाच नंबरच्यांनी तर ट्रंका भरल्या. सासूबाई पायरीवर बसून होत्या.

नवऱ्याच्या शेडमधला एकजण म्हणाला, त्याच्या गावाकडे, खालापूरच्या अंगाला, एक म्हातारा गवंडी आहे, विहिरी आणि देवळांचे चौथरे बांधण्यात जन्म गेलेला, त्याला एकदा दाखवा. पुढच्या रविवारी तो एसटीनं आला. बारीक अंगाचा, डोक्याला फडकं, हातात लाकडी दांड्याची छोटी हातोडी. आधी रस्त्यापलीकडे जाऊन आंब्याखाली बसला आणि तासभर नुसती इमारत बघत राहिला. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाला, "कारागीर चांगला होता."

मग आत आला आणि हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकायला लागला. खालून वर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आमच्याकडे झालं तसं चार नंबरला जाऊन पलीकडून. आम्ही कान देऊन ऐकत होतो. सगळीकडे दगडाचा घट्ट आवाज, फक्त देव्हाऱ्याच्या वर आला की आवाज पोकळ आणि ओला. शेवटी शिडी लावून कौलांवर चढला, धुराड्यात वाकून बघितलं आणि खाली आला.

"भिंतीला काय झालेलं नाय," तो म्हणाला. "तिचं नाक बंद हाय. वरून पाणी येतं, खाली जायला वाट नाय. नऊ-दहा वर्सं पाणी पितेय ती. दोनी बाजूंनी मोकळी केली, सुकवली, चुन्यानं भरली, तर तुमच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत उभी राहील. पण दोनी बाजूंनी मोकळी करायला पायजे. एका बाजूनं नाय."

घरमालकाला भेटून नवऱ्यानं दिवाळीच्या आत दुरुस्ती करून बघायची परवानगी मागून घेतली. काम करून बघा, ओव्हरसियरला पटलं तर मला इमारत पाडायची हौस नाही, असं तो म्हणाला. आता प्रश्न देवांचा होता. गवंड्यानं सासूबाईंना विचारलं. त्या वाल सोलत होत्या, सोलतच राहिल्या. शेवटचा वाल सोलून म्हणाल्या, देव हलवायचे तर दिवस बघावा लागेल. बघा, पण लवकर बघा, असं तो म्हणाला. गुरुवार ठरला.

गुरुवारी सासूबाईंनी अंघोळ केली, देवांना अंघोळ घातली आणि सगळे देव परातीत घेऊन बैठकीच्या मधोमध उभ्या राहिल्या. ठेवायचे कुठे? स्वयंपाकघरात धूळ येणार होती. वरची खोली कोरडी होती, पण जिना उभा, आणि त्यांचे गुडघे सहा महिने त्यांना वर जाऊ देत नव्हते. रोजची पूजा माझ्या हाती द्यायची त्यांची तयारी नव्हती. तेवढ्यात दारात सावली पडली. चार नंबरची मावशी उभी होती, हातात घासलेलं ताम्हण, त्यात लाल खणाचं नवं शिवलेलं आसन.

"द्या हिकडं," मावशी म्हणाली. "माज्या मागल्या खोलीत बसत्याल. कोरडी हाय, दाराला जाड पडदा शिवलाय, धूळ येनार न्हाई. तुमास्नी जिना चढायचा न्हाई."

सासूबाईंनी परात घट्ट धरली. "तुला कुनी सांगितलं माझे गुडघे दुखतात?"

"नऊ वर्सं भिंतीतनं ऐकतीया."

सासूबाईंनी परातीतल्या देवांकडे बघितलं. मग त्यांनी परात पुढं केली. मावशीनं एकेक देव उचलून ताम्हणात ठेवला आणि पुढं चालू लागली. सासूबाई तिच्या मागं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या चार नंबरच्या पायऱ्या चढल्या. मी माझ्या दारात उभी राहून बघत होते, आणि मला रडू की हसू ते कळत नव्हतं.

काम सुरू झालं. गवंड्यानं आमच्या बाजूनं पहार घातली आणि धुराड्याच्या घशातल्या विटा ढिल्या करू लागला. सासूबाई मला मागं हो म्हणून सांगत होत्या आणि स्वतः पुढं येऊन बघत होत्या. पलीकडे मावशी पत्रा काढून वाकली होती. एक वीट निघाली, दुसरी निघाली, आणि तिसरीबरोबर वरचं सगळं एकदम आलं. दहा वर्षांची काजळी, पाखरांची घरटी, कुजलेला पाला, ओला चिखल. क्षणभर घरात काहीच दिसेना. धुरळा बसला तेव्हा गवंड्याचे फक्त डोळे दिसत होते. पडदीचा उरलेला भागही पडून भिंतीत परातीएवढं भोक झालं होतं आणि त्या भोकात मावशीचं तोंड होतं, कोळशासारखं काळं. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचंही तसंच झालं होतं, पण ते त्यांना माहीत नव्हतं.

"काय ध्यान दिसतंय," सासूबाई म्हणाल्या.

"आदी आरशात बगा," मावशी म्हणाली.

सासूबाई हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या, तरी थांबेनात. पलीकडून मावशीचं हसू ऐकू येत होतं. संध्याकाळी माझा नवरा शेडमधून आला. एरवी तो काळाकुट्ट होऊन यायचा आणि दारातच अंगावर पाणी घ्यायचा. त्या दिवशी घरात सगळ्यात स्वच्छ माणूस तोच होता.

पुढचे तीन आठवडे ओळीतल्या कुणालाच दुसरं काम नव्हतं. गवंड्यानं सिमेंट नको म्हणून सांगितलं, ही भिंत चुन्याची आहे, तिला चुनाच पचतो. मागच्या अंगणात खड्डा करून चुना भिजत घातला. गूळ आणि हिरड्याचं पाणी त्यात पडलं. सहा घरांच्या बाया आळीपाळीनं दगडी उखळात चुना-वाळू कांडायच्या. पाच नंबरची बाई ट्रंका सोडून कांडायला आली. शेडमधली माणसं पाळी सुटल्यावर शिडीवरून दगड चढवायची. गवंडी आत काम करायचा तेव्हा अंधार पडू नये म्हणून मी दारात आरसा धरून उन्हाची तिरीप आत सोडायची. हात भरून यायचा, पण ते काम मी दुसऱ्या कुणाला देत नव्हते.

एकदा त्यानं मला आत बोलावलं. धुराड्याच्या आतल्या बाजूला, जुन्या चुन्यात, चार बोटं उमटलेली होती. ओला गिलावा दाबताना कुणाची तरी बोटं तशीच राहिली होती. गवंड्यानं शेजारी आपला हात लावून दाखवला. त्याच्या मानानं ती बोटं फारच बारीक.

"बाईचा हात," तो म्हणाला. "साहेबाची इमारत, साहेबाची इमारत म्हनतात. लिंपली आपल्याच बायांनी."

तेवढी जागा त्यानं नवा चुना न लावता तशीच ठेवली.

या सगळ्या दिवसांत सासूबाई रोज सकाळी पूजेला चार नंबरला जात. पहिल्या दिवशी पूजा करून लगेच परत आल्या. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आल्या. दुसरा आठवडा लागला आणि सकाळी गेलेल्या सासूबाई जेवायच्या वेळेलाच उगवू लागल्या. तांदळाची उकड मऊ कशी ठेवायची ते त्या मावशीला शिकवत होत्या आणि मावशीचं पीठ कच्चं राहतं अशी तक्रार मला ऐकवत होत्या. इकडे त्यांच्या हातची ज्वारीची भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच तुटायची. ते मावशी मला सांगायची.

भिंत भरून झाली तेव्हा गवंड्यानं विचारलं, हे मधलं भोक बुजवू ना? मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, धुराड्याची पडदी नीट चढव, धूर इकडचा तिकडे यायला नको. पण खाली, कमानीच्या बाजूला, ताट जाईल एवढी खिडकी ठेव. पलीकडून मावशीनं सांगितलं की ताट नको, पातेलं जाईल एवढी ठेव. त्यानं पातेल्याएवढी ठेवली आणि तिला लाकडाची झडप बसवून दिली. झडपेला कडी कोणत्या बाजूनं लावायची यावरून थोडा वेळ चर्चा झाली. शेवटी कडी लावलीच नाही.

धुराड्याच्या तोंडावर त्यानं चार आखूड दगडी पायांवर फरशी बसवली, पाणी येऊ नये आणि धूर अडू नये म्हणून. दिवाळीच्या चार दिवस आधी ओव्हरसियर आला, बरोबर घरमालकही होता. गवंड्यानं दोन्ही शेकोट्यांत काटक्या पेटवायला सांगितल्या. सगळी ओळ रस्त्यावर येऊन आंब्याखाली उभी राहिली. आधी काहीच दिसेना. मग फरशीखालून एक बारीक धूर निघाला, आणि त्याच्या शेजारून दुसरा. दोन्ही सरळ वर गेले. पोरांनी ओरडून रस्ता डोक्यावर घेतला. ओव्हरसियरनं आत जाऊन भिंतीवर हात फिरवला, गवंड्याची हातोडी मागून घेऊन स्वतः ठोकून बघितली, आणि वहीतलं एक पान फाडून खिशात घातलं. इमारत उतरवायची गरज नाही असं त्यानं घरमालकाला सांगितलं. घरमालक आमच्या पायरीवर बसला आणि त्यानं दोन कप चहा घेतला. एक आमच्याकडचा, एक मावशीकडचा.

त्यानंतर सोळा वर्षं आम्ही त्या घरात काढली. मी त्याच मशीनवर ब्लाउज शिवायला शिकले, मग माझं स्वतःचं मशीन आलं, आणि मावशीचे डोळे थकले तेव्हा तिची गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. खिडकीतून पातेली जात-येत राहिली. सासूबाई आणि मावशी भांडत नव्हत्या असं नाही. रोज भांडत, पण आता समोरासमोर.

भिंत झाली त्याच्या पुढच्या चैत्रात मला मुलगी झाली. बारशाला सहाही घरं आली. बैठकीचं छत इतकं उंच की पाळण्याच्या दोऱ्यांना दोरी जोडावी लागली. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा कळलं की सासूबाईंनी एक नाव ठरवलं आहे आणि मावशीनं दुसरं. कुणीच माघार घेईना. दोघींनी पाळण्याच्या दोन बाजूंनी वाकून आपापलं नाव मुलीच्या कानात सांगितलं, आणि बायांनी दोन्ही वेळा पाठीवर थाप मारली. त्यामुळे पहिली पाच वर्षं माझी मुलगी तीन नंबरात एका नावानं आणि चार नंबरात दुसऱ्या नावानं वाढली, आणि दोन्हींना ओ देत राहिली. शाळेत घालायला नेलं तेव्हा मास्तरांनी नाव विचारलं. मी मागं वळून बघितलं, दोघीही बरोबर आल्या नव्हत्या. मग मला आवडलेलं, तिसरंच, नाव सांगून मी मोकळी झाले.